डेल्फीला जाणाऱ्यांसाठी: आम्ही आधी खाली का नेतो?

ग्रीसच्या सहलीची चौकशी करताना मोबाइलवर डेल्फीचा, म्हणजे अपोलो या ग्रीक देवाच्या तीर्थस्थानाचा, एक फोटो हमखास पुढे येतो. डोंगरउतारावर गोल जोतं आणि त्यावर उभे तीन खांब. "हेच ना अपोलोचं मंदिर?"

नाही. ती थोलोस, म्हणजे गोल इमारत, अथेना प्रोनाइया या देवीच्या आवारातली, इ.स.पू. ३८० च्या सुमाराची. अपोलोचं मंदिर लांबट आहे, त्याचे सहा खांब पुन्हा उभारलेत आणि ते रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. थोलोस रस्त्याच्या खालच्या अंगाला, किलोमीटरभराच्या आत, पण वेगळ्या आवारात.

स्वतःहून जाणारे नेमके इथे चुकतात. मुख्य दारातून शिरतात आणि गोल मंदिर वर कुठेतरी असेल म्हणून चढत राहतात. अथेन्सकरांचं कोषागार, मंदिर, नाट्यगृह, शेवटी अगदी माथ्याचं स्टेडियम. तोवर ऊन तापलेलं, गुडघे दुखायला लागलेले. मग कळतं की ते खाली राहिलं. या धावपळीत संग्रहालयाला वेळच उरत नाही. आणि तिथला रथाच्या सारथ्याचा कांस्य पुतळा पाहिल्याशिवाय डेल्फीहून परतणं, हे आम्हाला खरंच जिवावर येतं.

म्हणून आम्ही सकाळी बसने आधी थोलोसपाशी उतरतो. "सगळे वर चाललेत, आपणच खाली का?" असं दर गटात कुणीतरी विचारतं. 'प्रोनाइया' म्हणजे मंदिराच्या आधीची. अथेन्सच्या बाजूने येणाऱ्या यात्रेकरूला आधी हीच लागायची. पुढे कास्तालियाच्या झऱ्यावर शुद्ध होऊन तो अपोलोकडे चढायचा. चंद्रभागेत स्नान करून मग विठ्ठलाचं दर्शन घेणाऱ्याला हा क्रम वेगळा समजवावा लागत नाही. झरा फेद्रिआदेस नावाच्या दोन उभ्या कड्यांमधल्या घळीपाशी आहे. ते कडे खालून, मान वर करून पाहिले की ग्रीकांनी देवासाठी पार्नासोस डोंगराचा हाच उतार का निवडला ते उमगतं. दगडांवर मात्र बसू नका, चढू नका. रखवालदार लगेच शिटी वाजवतात.

अथेन्सहून एका दिवसात होत नाही का? होतं. पण अंतर सुमारे १८० किलोमीटर, जायलाच अडीच-तीन तास. म्हणजे ऐन उन्हात चढ. आम्ही डेल्फी गावात एक मुक्काम ठेवतो, त्यामुळे आमचा दर थोडा जास्त दिसतो. त्या पैशात तुम्हाला सकाळची सावली मिळते, आणि संध्याकाळी गावातून खाली इतेआच्या आखातापर्यंत पसरलेल्या ऑलिव्हच्या बागा निवांत बघता येतात.

चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. वाटेवरचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर नोंदणी करतानाच सांगा. बाकीचे स्टेडियमपर्यंत चढतील तेव्हा आमचा माणूस तुम्हाला संग्रहालयात घेऊन जाईल, आणि सारथ्यासमोर तुम्हाला इतरांपेक्षा जास्त वेळ मिळेल.