नवी गाडी, कडक गिअर: हात बसेपर्यंत काय करायचं (आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी. हे पत्रक लिहायचं कारण एकच. नवी मॅन्युअल स्पोर्ट्स कार घेतली की पहिल्या आठ-दहा दिवसांत हमखास फोन येतो, "गिअर पडत नाहीये हो, गाडी डिफेक्टिव्ह आली वाटतं." मग गाडी आमच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या शेडमध्ये येते, आम्ही चालवून बघतो आणि बहुतेक वेळा गाडी एकदम टकाटक असते, फक्त गिअरबॉक्स नवा असतो, तेल थंड असतं आणि चालवणाऱ्याचा हात अजून जुन्या गाडीवरच बसलेला असतो. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू, वाचा आणि मग ठरवा आमच्याकडे यायचं का ते.

आधी मॅट बघा. हो, पायाखालची मॅट. हसू नका. मागे एक ताई खारघरहून आल्या होत्या, शोरूममध्ये दोनदा जाऊन आलेल्या, फर्स्ट आणि रिव्हर्स टाकताना खर्र आवाज यायचा आणि कोणीतरी क्लच प्लेट बदलावी लागेल असं पण सांगून मोकळं झालेलं. आमच्या पोऱ्याने खाली वाकून बघितलं तर कंपनीच्या मॅटवर ती जाड सेव्हन-डी मॅट टाकलेली आणि तिचा कोपरा बरोबर क्लच पेडलच्या खाली दुमडलेला. पाय दाबला की पेडल मॅटवर जाऊन थांबायचं, बाईंना वाटायचं तळाला गेलं. मॅट काढून डिकीत टाकली, गाडी चालू केली, रिव्हर्स लोण्यासारखा पडला. बिल शून्य. त्या दिवसापासून आमच्याकडे गाडी आली की पहिला हात मॅटला.

त्याच्याच जोडीला सीट. स्पोर्ट्स कारमध्ये लोक आरामात मागे रेलून बसतात, छान दिसतं पण मग क्लच पूर्ण दाबायला पाय पुरत नाही. पेडल तळाला टेकलेलं असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, एवढी सीट पुढे घ्या. या गाड्यांमध्ये इंजिनचा टॉर्क जास्त म्हणून क्लचची पकड पण जोरदार ठेवलेली असते आणि पेडल जड लागतं, अर्धवट दाबून इथे भागत नाही, साध्या हॅचबॅकमध्ये जे खपून जायचं ते इथे खपत नाही.

आता गिअर कडक का असतो ते सांगतो, थोडं लांबेल पण हे कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरच्या बाजूला एक पितळी रिंग असते, काही गाड्यांत तिच्यावर कार्बनचा थर असतो, तिला सिंक्रो म्हणतात. तुम्ही सेकंड टाकायला लिव्हर ओढता तेव्हा आधी ही रिंग जाऊन गिअरला घासते आणि दोघांचा स्पीड एकसारखा करते, मगच पुढची स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) आत सरकते. चालती लोकल पकडणारा माणूस आधी प्लॅटफॉर्मवर गाडीबरोबर धावतो आणि मग दांडी पकडतो ना, तसंच (तुम्ही मात्र ठाणे स्टेशनला असलं काही करू नका). स्पीड जुळायच्या आधी उडी मारली की काय होतं ते सगळ्यांना माहितीये, गिअरबॉक्समध्ये त्याचाच आवाज खर्र असा येतो.

एक हिशोब करून बघा. समजा फर्स्टचा रेशो (बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला आतल्या शाफ्टचे किती फेरे) ३.६ आहे आणि सेकंडचा २.१. तुम्ही ५००० आरपीएमला (म्हणजे इंजिनचे मिनिटाला ५००० फेरे) फर्स्टमधून सेकंड टाकला तर आतल्या शाफ्टला ५००० वरून साधारण २९०० वर यावं लागतं, म्हणजे २१०० ची घसरण आणि ती सगळी त्या छोट्या रिंगने घासून घासून करायची. तेच २५०० ला टाकला तर साधारण १४६० वर यायचं, म्हणजे घसरण निम्मी. म्हणून फर्स्ट ते सेकंड हाच सगळ्यात अडणारा गिअर असतो, दोघांत अंतरच जास्त. तिसऱ्यातून चौथ्यात, पाचव्यात कोणी तक्रार घेऊन येत नाही.

त्यात नवी रिंग आणि ती जिथे घासते तो गिअरचा शंकूसारखा भाग अजून एकमेकांवर बसलेले नसतात, लिव्हरच्या खालच्या स्प्रिंगा आणि बुश नवे करकरीत असतात. वर स्पोर्ट्स कारला लिव्हरचा थ्रो मुद्दाम छोटा दिलेला असतो, म्हणजे हात कमी हलतो पण जोर जास्त लागतो, साधं तरफेचं गणित आहे. तो कडकपणा थोडाफार कंपनीने विकत दिलेलाच आहे असं समजा. सहा महिन्यांनी हाच गिअर तुम्हाला आवडायला लागेल आणि बायकोची ऑटोमॅटिक चालवताना डावा हात उगाच काहीतरी शोधत राहील.

आता तेल. सकाळी गाडी काढली की पहिली दहा मिनिटं सेकंड जास्त कडक, नंतर बरा, हे अगदी नॉर्मल आहे. गिअर ऑइल थंड असताना घट्ट असतं आणि त्या घट्ट तेलात रिंगला स्पीड जुळवायला वेळ लागतो. आपल्याकडे काय थंडी पडते असं म्हणाल, पण डिसेंबर-जानेवारीत येऊरच्या पायथ्याला पहाटे गाडी काढून बघा, फरक कळतो. आणि डॅशबोर्डवर जो टेम्परेचर काटा आहे तो इंजिनच्या कूलंटचा, गिअरबॉक्सचं तेल त्याच्यानंतर बराच वेळाने गरम होतं. गाडी बिल्डिंगखाली दहा मिनिटं नुसती चालू ठेवून उपयोग नाही, गिअरबॉक्स चालवल्यावरच तापतो, उगाच शेजाऱ्यांना धूर कशाला. हळू चालवत निघायचं, पहिले आठ-दहा किलोमीटर तीन हजाराच्या आत गिअर बदलायचे, घोडबंदर रोडला तसंही त्याच्यावर जायची सोय नसतेच.

हाताचं तंत्र. लिव्हर मुठीत घट्ट धरू नका, तळवा उघडा ठेवा आणि नुसता ढकला. फर्स्टमधून सेकंडला ओढताना न्यूट्रलला क्षणभर थांबा, एक श्वास नाही, त्याचा चौथा भाग, आणि मग बोटांच्या जोरावर ओढून तिथेच हलका दाब ठेवा, सिंक्रोचं काम झालं की लिव्हर स्वतःहून आत जातो, तुम्हाला जाणवेल. ओढाताण केली की रिंगच झिजते. सेकंडमधून थर्डला जाताना उजवीकडे खेचायची गरज नाही, फक्त सरळ वर ढकला, आतली स्प्रिंग लिव्हरला आपोआप मधल्या रांगेत आणते.

मूठ न आवळता लिव्हर स्प्रिंगच्या भरवशावर सोडायचा, हे आम्ही मोठं बिल भरता भरता वाचलो तेव्हा शिकलोय. काही वर्षांपूर्वी पाम बीच रोडला पहाटे ट्रायल घेत होतो, थर्डमध्ये गाडी मस्त खेचत होती, फोर्थ टाकायला लिव्हर ओढला आणि हात मुठीत आवळलेला असल्याने तो डावीकडे गेला, म्हणजे फोर्थऐवजी सेकंडकडे. क्लच सोडायच्या आत लक्षात आलं म्हणून वाचलो. क्लच सोडला असता तर चाकांनी इंजिनला रेडलाइनच्या (इंजिनच्या फेऱ्यांच्या मर्यादेच्या) पार वर फिरवलं असतं आणि तिथे रेव लिमिटर काही करू शकत नाही, कारण तो फक्त पेट्रोल तोडतो, चाकं तोडत नाही. याला गाडीवाले मनी शिफ्ट म्हणतात, का ते बिल आल्यावर कळतं. आणि पुष्कळ गाड्यांच्या ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) इंजिन किती वर गेलं होतं त्याची नोंद राहते, त्यामुळे वॉरंटीवाल्यांना "मी काही केलं नाही" सांगून फार उपयोग होत नाही.

उभ्या गाडीत सिग्नलला फर्स्ट पडत नसेल तर जबरदस्ती नको. एकदा सेकंडला टेकवा आणि मग फर्स्ट टाका, किंवा न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबा. आत दातासमोर दात आलेला असतो, एवढंच. तीन हात नाक्याला मागचा रिक्षावाला हॉर्न मारेल, मारू दे. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो नसतो, म्हणून गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबून दोन-तीन सेकंद मोजायचे, मग टाकायचा. आणि गाडी चालती असताना फर्स्टमध्ये यायची घाई करू नका, स्पीडब्रेकरला सेकंड पुरतो.

जुन्या लोकांना हे सगळं सांगावं लागत नाही. १९२८ मध्ये कॅडिलॅकने पहिल्यांदा सिंक्रो आणला, त्याच्या आधी सगळेच डबल क्लच मारून (न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबून) गिअर टाकायचे. आपल्या फियाटच्या टॅक्सीत, स्टिअरिंगखालच्या त्या दांड्यावर, फर्स्टला सिंक्रो नव्हता, म्हणून जुने ड्रायव्हर गाडी पार थांबवूनच फर्स्ट टाकायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी (तीच आपली फियाट) टॅक्सी गेली आणि गंमत बघा, त्याच वर्षी आपल्याकडे बीएमडब्ल्यू एम२ मॅन्युअलमध्ये आली, ह्युंदाईच्या आय२० एन लाइन आणि फोक्सवॅगन व्हर्टसच्या जीटीला पण ६ स्पीड मॅन्युअल मिळाला. (आय२० ला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर आमच्या शेडमध्ये रोज वाद होतो, त्यात पडू नका.)

ट्रॅफिकमध्ये दोन सवयी सोडा. एक, हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं, गायमुखच्या चढावर लोक हँडब्रेक ओढायचा सोडून क्लचवर उभे राहतात आणि मग जळका वास येतो म्हणून फोन करतात. दुसरी, हात सतत लिव्हरवर ठेवणं. दिसायला भारी, पण त्या हाताचं वजन आतल्या सिलेक्टर फोर्कवर (स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यावर) जातं आणि तो फिरत्या स्लीव्हला घासत राहतो. गिअर टाकला की हात स्टिअरिंगवर.

आता काय करू नका. पहिल्याच महिन्यात शॉर्ट शिफ्टर (लिव्हरचा थ्रो अजून छोटा करणारा भाग) बसवू नका, आधीच कडक आहे तो अजून कडक होईल. बाटलीतलं "गिअर स्मूथ" वगैरे काही ओतू नका. आणि कोणाच्या सांगण्यावरून तेल बदलू नका. दुकानात जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन प्रकार मिळतात, आकडा मोठा म्हणजे चांगलं असं समजून लोक जीएल-५ टाकून येतात. त्यात गंधक-फॉस्फरसवाली केमिकल जास्त असतात, डिफरेन्शियलला (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाला) ती हवीच, पण जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ते तेल सिंक्रोला जास्त निसरडं पडतं आणि पितळी रिंगला खराब पण करू शकतं. काही गाड्यांना वेगळंच तेल लागतं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात जे लिहिलंय तेच, ग्रेडसकट.

खरा बिघाड ओळखायचा कसा? गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबून तेच करा. बंद असताना पडतात आणि चालू असताना अडतात, तर गिअरबॉक्स नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये, बहुतेक वेळा क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये (तेलाच्या नळीत) हवा असते किंवा मॅट. क्लच दाबून पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकला आणि तरी खर्र झालं तरी तेच समजा. तेल चांगलं तापल्यावर सुद्धा एकच ठराविक गिअर दर वेळी किरकिरतो, गिअर चालता चालता आपोआप सुटतो, पेडल खाली गेल्यावर वर येत नाही, किंवा पार्किंगमध्ये गाडीखाली तेलाचा डाग दिसतो, यातलं काहीही असेल तर २००० किलोमीटर होईपर्यंत वाट बघू नका. आधी शोरूमला लेखी कळवा, जॉब कार्ड घ्या, कारण वॉरंटी त्यांची आहे, आमची नाही. आमचं मत हवं असेल तर नंतर या.

बाकी नुसता कडकपणा असेल तर रनिंग-इन (नव्या गाडीचे भाग एकमेकांवर बसायचा सुरुवातीचा काळ) होऊ द्या, बहुतेक गाड्यांना १००० ते २००० किलोमीटर सांगितलेले असतात, तेवढ्यात फरक पडतोच. तरी मनात शंका राहिली तर तपासायला आम्ही पैसे घेत नाही, फक्त एक करा, नवी मुंबईहून ऐरोली पुलावरून गाडी चालवत आणू नका आणि इथे येऊन "आत्ता नाही होत बघा, सकाळी होतं" असं सांगू नका. आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत गाडी ठेवून जा, मॅटसकट, सकाळी थंड असतानाच आम्ही चालवून बघतो. शनिवारी जागा नसते.