पेशीचे ब्रेक आणि निपाणीची तंबाखू

माझ्या आत्याचा जन्म निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबण्यात गेला. दुपारची भाकरी झाली की चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायची, नखाने डबीतला चुना काढायची, अंगठ्याने मळून गालात धरायची. नेमका तिथेच आधी पांढरा चट्टा उठला, मग गाठ आली. "आपल्या अंगाला ती थांबवता येत नाही व्हय रे?" असं तिनं मला विचारलं होतं.

अंगात थांबवणारं काहीतरी असावं, हा तर्क १९१४ साली जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी केला होता. १९६९ मध्ये हेन्री हॅरिस आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाची पेशी निरोगी पेशीशी जोडली, तेव्हा जोडपेशीचा गाठ करण्याचा जोर ओसरला. निरोगी पेशीकडे ब्रेक होता तर!

खरी उकल मुलांच्या डोळ्यांनी केली. डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये तपासल्या. ज्यांच्या घराण्यात हा रोग होता, त्यांना तो लहान वयात आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत झालेला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. ही मुलं एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मतात, दुसरी गेली की गाठ. चोर्ला घाट उतरणाऱ्या लॉरीचा पायाचा ब्रेक गेला तरी हँडब्रेक उरतो, तसं हे. ब्रेकचं काम करणारं ते जनुक, आरबी, १९८६ मध्ये हाती लागलं. त्याच्यापासून बनणारं प्रथिन, पेशीचं विभाजन सुरू करणाऱ्या ई-२-एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवतं. वेळ आली की सोडतं.

पी-५३ या दुसऱ्या ब्रेकची गोष्ट मात्र चुकीतून गेली. १९७९ मध्ये सापडलेलं हे प्रथिन दहा वर्षं कर्करोग वाढवणारं समजलं गेलं, कारण प्रयोगशाळांतल्या त्याच्या जनुकाच्या प्रती आधीच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये कळलं, ते तर राखणदार आहे. डीएनएला इजा झाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला सवड देतं. इजा फारच असेल तर त्या पेशीला मरायला लावतं.

तंबाखूतली द्रव्यं डीएनएवरच घाव घालतात, आणि तोंडाच्या कर्करोगात सर्वांत जास्त वेळा बिघडलेलं सापडतं ते पी-५३ चंच जनुक. आत्याला हा बिघाड आईबापाकडून आला नव्हता. गालाच्या कातडीत तो वर्षानुवर्षं साचत गेला. गाठ येण्याआधीच्या पांढऱ्या चट्ट्यातही तो कधीकधी आढळतो. तिचा चट्टा आम्ही चुन्याने भाजलं असेल म्हणून सोडून दिला होता.