पेंग्विनची शीट आणि तळ्यातला गाळ

तीन हजार वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाजवळच्या एखाद्या बेटावर किती पेंग्विन होते हे कोण सांगणार? तिथं ना गाव ना तलाठी, ना कुणी वही घेऊन मोजायला बसलेलं, साउथ शेटलंड नावाची ती बेटं माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडली तीच १८१९ साली. तरी आज त्या पेंग्विनचा बराचसा हिशोब आपल्याकडं आहे, आणि तो लागलाय शिटेवरून. होय, पक्ष्याच्या शिटेवरून.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे पटवायला फार वेळ लागायचा नाही. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की धनगराला बोलावून रात्रीची मेंढरं शेतात बसवतात, त्याला वर धान्य नाहीतर पैसे देतात, कारण लेंड्यांचा आणि मुताचा जोर पुढच्या पिकात दिसतोच. आता त्या रानाची माती आणि शेजारच्या, कधीच मेंढरं न बसलेल्या रानाची माती, दोन्ही परभणीला तपासायला दिल्या तर स्फुरदाच्या आकड्यात फरक येणार. पेंग्विनचं गणित हेच, फक्त ही मेंढरं समुद्रात चरून येतात आणि हागायला जमिनीवर.

याच साउथ शेटलंडमधल्या किंग जॉर्ज बेटाला लागून आर्डली नावाचं एक छोटं बेट आहे, तिथं जेंटू पेंग्विनची मोठी वसाहत आहे. हजारो पक्षी गोट्यांची घरटी करून बसतात, समुद्रातून क्रिल (झिंग्यासारखा बोटाएवढा जीव) खाऊन येतात आणि सगळीकडं शीट टाकतात. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की ते पाणी शीट धुऊन जवळच्या तळ्यात नेतं आणि ती तळाला बसते, वर्षानुवर्षं, थरावर थर. चीनच्या सुन लीग्वांग आणि सहकाऱ्यांनी अशाच एका तळ्यात पाइप खुपसून गाळाचा उभा दांडा काढला, जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचा, त्याचे बारीक काप केले आणि प्रत्येक कापात कोणतं मूलद्रव्य किती ते मोजलं. २००० साली ते छापून आलं आणि या उद्योगाची खरी सुरुवात तिथून झाली म्हणायला हरकत नाही.

त्यांना नऊ मूलद्रव्यं अशी सापडली जी सोबत चढतात आणि सोबत उतरतात: स्फुरद, गंधक, कॅल्शियम, तांबं, जस्त, सेलेनियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि फ्लोरीन. आता नुसतं तांबं किंवा जस्त वाढलं म्हणून नाचण्यात अर्थ नाही बरं का, कारण तिथला दगड पण आपल्या काळ्या पाषाणासारखा ज्वालामुखीचाच आणि तो झिजला तरी ही द्रव्यं गाळात येतातच. म्हणून अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम असली जी फक्त दगडातून येणारी मंडळी आहेत ती आधी बघायची आणि त्यांच्या मानाने बाकीचे किती जास्त भरतात ते काढायचं. ते जास्तीचं शिटेतलं.

या नऊमधलं फ्लोरीन मला सगळ्यात भारी वाटतं. फ्लोराइड म्हटलं की नांदेडकडच्या माणसाला किनवटच्या बोअरचं पाणी आणि पिवळे पडलेले दात आठवतात, आपल्याकडं ते खडकातून पाण्यात उतरतं. अंटार्क्टिकात ते क्रिलच्या कवचात साठलेलं असतं, एका किलो सुक्या कवचात हजार मिलिग्रॅमच्याही वर. पेंग्विन एवढं क्रिल खातो पण त्यातलं बरंचसं फ्लोराइड मागच्या दाराने बाहेर टाकतो, त्यामुळं तळ्याच्या गाळात फ्लोरीन वाढलं की क्रिल खाणारं कुणीतरी वर राहत होतं एवढं नक्की.

वय काढणं मात्र डोकेदुखी आहे. वरच्या, शे-दीडशे वर्षांच्या थरांसाठी शिसं-२१० चालतं, हे शिसं आपोआप घटत जातं आणि साधारण २२ वर्षांत निम्मं उरतं, म्हणून किती उरलं त्यावरून वय कळतं. खालच्यासाठी तसाच पण फार सावकाश घटणारा कार्बन-१४. पण अंटार्क्टिकाच्या समुद्रात खोलातलं जुनं पाणी वर येतं, त्यातला कार्बन आधीच म्हातारा झालेला असतो, तो क्रिलमध्ये जातो आणि क्रिलमधून पेंग्विनमध्ये, त्यामुळं काल मेलेला पेंग्विन तपासला तरी तो हजार वर्षांहून जुना निघतो! ही दुरुस्ती केली नाही तर सगळा हिशोब बोंबलला. म्हणून जमतं तिथं तळ्यातलंच शेवाळ तारखेसाठी घेतात.

आता मजा बघा. सुन यांच्या गाळात सगळ्यात कमी पेंग्विन निघाले ते १८०० ते २३०० वर्षांपूर्वी आणि त्यांनी त्याचं खापर त्या काळातल्या थंडीवर फोडलं. पुढं २०१७ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या स्टीफन रॉबर्ट्स यांच्या टीमने त्याच आर्डलीवर जवळपास ७००० वर्षांचा गाळ वाचला आणि त्यांना हवामानाशी तसा सरळ संबंध दिसेना. दिसली ती राख. तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत डिसेप्शन बेटाचा ज्वालामुखी आहे, तो मोठा फुटला की राखेचा थर आणि त्याच्या वर शिटेचं प्रमाण एकदम खाली, असं निदान तीनदा झालं, वसाहत जवळजवळ उठली आणि परत भरायला ४०० ते ८०० वर्षं लागली. बेट एक, पक्षी तेच, आणि दोन टीमची उत्तरं वेगळी. मला विचाराल तर राखेचा पुरावा जास्त वजनदार आहे, कारण राख आणि घसरण एकाच दांड्यात समोरासमोर दिसते, थंडीचा संबंध मात्र दुसरीकडच्या नोंदी आणून जोडावा लागतो.

आणि एक शंका धरूनच चालायचं: गाळ पक्षी मोजत नाही, तळ्यात किती शीट आली तेवढं मोजतो. वसाहत टेकडीच्या पलीकडं सरकली आणि धुऊन येणारं पाणी दुसरीकडं वळलं तरी आकडा पडणार, पक्षी असतील तेवढेच. म्हणून एका तळ्यावर भागत नाही, दोन-चार तळी लागतात.

सीलच्या बाबतीत तर रसायनासोबत केसच सापडतात. किंग जॉर्ज बेटावरच्या फिल्ड्स द्वीपकल्पाच्या गाळातले केस सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजून सीलचा १५०० वर्षांचा आलेख काढलाय, २००४ मध्ये. हे काम करणाऱ्याच्या डोळ्यांची कीव येते. १८१९ नंतर शिकारी जहाजं आली आणि थोड्याच वर्षांत त्या बेटांवरचे फर सील कातड्यासाठी जवळपास साफ केले.

त्याचा धागा पेंग्विनपर्यंत जातो. अ‍ॅडेली पेंग्विनच्या अंड्यांची जुनी कवचं जमवून त्यातल्या जड नायट्रोजनचं (नायट्रोजनचाच थोडा वजनदार प्रकार) प्रमाण स्टीव्हन एम्स्ली आणि विल्यम पॅटरसन यांनी तपासलं, ३८,००० वर्षांपर्यंतची कवचं. मासे खाणाऱ्यात जड नायट्रोजन जास्त भरतो, क्रिल खाणाऱ्यात कमी. तर हजारो वर्षं मासे खाणारे हे पक्षी गेल्या दोनेकशे वर्षांत एकदम क्रिलवर आलेले दिसले. त्यांचं म्हणणं असं की आधी सील आणि मग देवमासे माणसाने मारले, त्यांच्या वाट्याचं क्रिल उरलं आणि पेंग्विनने ताट बदललं. हे सगळ्यांनाच मान्य आहे असं नाही. तसंही कवच सांगतं ते पक्षी काय खात होता, किती पक्षी होते ते नाही, आणि शीट मुख्यतः किती पक्षी होते त्याचा अंदाज देते, म्हणून ही दोन्ही एकाच जागची मिळाली तर बघा असं आता हे लोक म्हणायलेत.