एसएमडी किट घरी जोडताना

एसएमडी म्हणजे भोकांत पाय न घालता थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर जोडायचे बारीक पार्ट. किटमधले बहुतेक रेझिस्टर आणि कपॅसिटर ०८०५ मापाचे आहेत, म्हणजे २ मिमी लांब आणि जेमतेम सव्वा मिमी रुंद. "एवढं बारीक हाताने जमेल का?" हे काउंटरवर रोज विचारलं जातं. जमतं. काम बिघडतं ते हात थरथरल्यामुळे कमी, फ्लक्समध्ये (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या पदार्थात) कंजूषी केल्यामुळे जास्त.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे पडलेले पॅड (बोर्डावरच्या पार्ट जोडायच्या धातूच्या चकत्या) लवकर काळवंडतात आणि मग सोल्डर त्यांना धरत नाही, नुसती गोळी होऊन बसते. म्हणून बोर्डाची पिशवी काम सुरू करतानाच फोडा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॅड पुसा आणि रोझिन फ्लक्स सढळ हाताने लावा. हार्डवेअरच्या दुकानातली नळजोडणीची पेस्ट मात्र बोर्डाजवळ आणू नका. तिच्यात आम्ल असतं. एका पावसाळ्यात बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक हिरवे पडतील.

सुरुवातीला एकाच पॅडवर थोडं सोल्डर चढवा. चिमट्यात पार्ट धरा, ते सोल्डर वितळवा आणि पार्ट बाजूने सरकवत जागेवर आणा. आधी बिट (सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक) काढा. सोल्डर गोठेपर्यंत चिमटा हलवू नका, मग सोडा. पार्ट वाकडा बसला तरी चालेल, पण एका बाजूने उचललेला नको. आता दुसरं टोक जोडा आणि पहिल्या टोकाला फ्लक्स लावून पुन्हा एकदा बिट टेकवा. जोड चकचकीत आणि आतल्या बाजूला वळलेला दिसला पाहिजे.

६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसवर वितळतं. बिट ३२० ते ३५० वर ठेवा. वायर अर्ध्या मिमीची बरी. बिट सुईसारखा नको, त्याच्या टोकाला उष्णता पुरत नाही. दीड-दोन मिमीचा चपटा घ्या. या सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा चहा घेण्याआधी हात धुवा.

कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं. एका वेळी एकच पट्टी उघडा, नाहीतर कुठला कुठला हे मीटरशिवाय कळणार नाही. काम काठाच्या पांढऱ्या ताटात करा. पंखा बंद, खिडकी उघडी! उडालेला रेझिस्टर शोधण्यापेक्षा नवा घेणं परवडतं. म्हणूनच प्रत्येक व्हॅल्यूचे दोन जादा टाकले आहेत.

आयसीच्या (चिपच्या) पायांत शॉर्ट झाला, म्हणजे दोन पाय सोल्डरने चिकटले, तर घाबरू नका. फ्लक्स लावा, डिसोल्डर विक (तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी) टेकवा, वर बिट ठेवा. जादा सोल्डर ती शोषून घेते. पॉवर देण्याआधी मल्टीमीटरने प्लस-मायनसमध्ये बीप येत नाही ना, ते बघा.

बोर्ड बागेतल्या पंपाजवळ किंवा होडीत बसवणार असाल, तर चाचणीनंतर फ्लक्स धुऊन, पूर्ण वाळवून कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा पातळ थर) मारा. कनेक्टर आणि बटणं त्याआधी टेपने झाका.