घर कधी सोडायचं, कुठे जायचं : आपत्तीतला निर्णय (ठाणे-नवी मुंबई)

पूर, गॅसगळती, आग किंवा बिल्डिंग पडायला आली असताना लोक निघायचं कधी आणि कुठे हे कसं ठरवतात, त्याबद्दलची ही नोंद. कागदावर सगळं आहे, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, जिल्हा प्राधिकरण, महापालिकेचा आपत्ती कक्ष. प्रत्यक्षात भोंगा वाजला की लोक आधी गॅलरीत येतात, वॉचमनला विचारतात, ग्रुपवर "कुणाला वास येतोय का" टाकतात आणि शेजारचे निघाले की मगच चपला घालतात.

सगळ्यात अवघड केस धोकादायक बिल्डिंगची. पावसाळ्याआधी महापालिका यादी काढते, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी राहत्या घरात दुरुस्ती, सी-३ किरकोळ काम. नोटीस चिकटते, पाणी-लाइट तोडतात, तरी लोक बसून. बाहेरून हा हट्ट वाटतो, पण भीती स्लॅबपेक्षा रूमवरचा हक्क जाण्याची असते, पागडीवाल्याला (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन जुन्या कमी भाड्यात राहणाऱ्या भाडेकरूला) तर जास्तच. आपल्या ताब्यात किती चौरस फूट होतं ते लेखी मिळालं की सामान हलायला लागतं. नौपाड्यातली कृष्णा निवास ४ ऑगस्ट २०१५ ला रात्री लोक झोपेत असताना पडली, १२ जण गेले. शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये ४ एप्रिल २०१३ ला बांधकाम चालू असलेली बेकायदा बिल्डिंगच कोसळली, ७४ मेले, तिथे ठरवायला वेळच कुठे होता.

गॅसचं गणित वेगळं, तिथे वारा बघायचा. टीटीसी एमआयडीसीच्या (नवी मुंबईतल्या औद्योगिक पट्ट्याच्या) कंपन्या ठाणे-बेलापूर रोडच्या पूर्वेला डोंगराच्या बाजूने आणि ऐरोली, कोपरखैरणे, वाशी पश्चिमेला, त्यामुळे पावसाळ्यात वारा धूर डोंगराकडे नेतो पण थंडीच्या रात्री उलटा वाहिला की वास थेट बेडरूममध्ये. पळायचं ते वाऱ्याला आडवं, वाऱ्याबरोबर कधीच नाही. क्लोरीन हवेपेक्षा जड, म्हणून लगेच बाहेर पडता येत नसेल तर वरचा मजला, खिडक्या बंद, फटीत ओले टॉवेल. सवयीने खाली धावणारा नेमका गॅसच्या ढगात जातो.

कधी न निघणंच बरोबर असतं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, बाहेर उल्हास नदीचं पाणी, रेल्वेने गाडीतून उतरू नका असं सांगितलं, आणि एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) बोटी आल्यावर हजारावर प्रवासी बाहेर काढले गेले.