घर कोणी सोडायचे? ज्येष्ठांच्या हक्काची पार्श्वभूमी

मुलगा-सून विचारेनासे झाले, तर आई-वडिलांनी घर सोडावे काय? नागपुरात सुधार प्रन्यासाच्या (शहराच्या विकास संस्थेच्या) लेआउटमध्ये प्लॉट घेऊन आयुष्यभराच्या कमाईतून घर बांधणाऱ्यांपुढे हा प्रश्न येतो, तेव्हा तो नात्याइतकाच घराच्या कागदांचाही असतो. वानप्रस्थाच्या जुन्या कल्पनेत वृद्धांनीच बाजूला व्हायचे, असे गृहीत होते. कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये उभ्या केलेल्या मातृसेवा संघाचा पंचवटी वृद्धाश्रम नागपूरकरांच्या परिचयाचा आहे. मात्र वृद्धाश्रमात आसरा मिळाला, तरी मुलांवर टाकलेली जबाबदारी त्याने संपत नाही.

ती जबाबदारी कायद्यात टप्प्याटप्प्याने आली. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आई-वडिलांना पोटगीचा हक्क दिला, पण त्यासाठी दिवाणी दावा लढावा लागे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 125 मुळे दंडाधिकाऱ्याकडे जाता येऊ लागले; तेथेही 2001 पर्यंत महिना 500 रुपयांची मर्यादा होती. विवाहित मुलगीही वडिलांच्या पोटगीला बांधील असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये दिला, हे अनेक घरांत अजूनही सोयीस्करपणे विसरले जाते.

खरे वळण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आणले. त्यानुसार न्यायाधिकरणापुढे वकिलाशिवाय अर्ज करता येतो आणि वेगळे राहूनही निर्वाहभत्ता मागता येतो. त्याची कमाल मर्यादा कायद्याने महिना 10,000 रुपये ठरवली. कलम 23 त्याहून महत्त्वाचे आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळू शकते. महाराष्ट्रात 2015 पासून मुलांच्या नावे राहते घर बक्षीस देण्याचे मुद्रांक शुल्क 200 रुपयांवर आले आणि बक्षीसपत्र स्वस्त झाले. त्यात सांभाळाची अट लिहून घेणे मात्र बहुतेकांना मुलाचा अपमान वाटतो. अशी अट सिद्ध व्हायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने या कलमाचा उदार अर्थ लावून एका आईला तिची मालमत्ता परत दिली.

ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी आवश्यक असेल, तर न्यायाधिकरण मुलांनाच घराबाहेर काढण्याचा आदेश देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 मधील निकालाने स्पष्ट झाले. त्याच निकालाने सुनेचा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील निवासाचा हक्क डावलता येणार नाही, असेही बजावले.