बोंडअळीचे गोत्र

नागपूर-वर्धा पट्ट्यात ‘बोंडअळी आली’ म्हटले की ऐकणारा आधी विचारतो, “कोणती? हिरवी की गुलाबी?” हिरवी बोंडाला भोक पाडते आणि अर्धे अंग बाहेर ठेवून खाते, त्यामुळे ती दिसते तरी. गुलाबी एकदा आत शिरली की बोंड फोडेपर्यंत पत्ता लागत नाही. फार तर फुलाची डोमकळी झालेली, म्हणजे पाकळ्या न उमलता मिटून राहिलेल्या, पाहून संशय घ्यायचा. तिसरी ठिपक्याची, ती कोवळ्या शेंड्यातही घुसते. तिघी बोंडावर जगतात म्हणून आपण तिघींना एकच आडनाव दिले. त्या एका गोत्रातल्या नाहीत, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

अळी म्हणजे पतंगाचे बालपण. शेतात नुकसान अळी करते, पण नाव आणि कूळ ठरते मोठ्या पतंगावरून. हा करडा, मळकट जीव रात्री उडतो आणि शेतकऱ्याला भेटतो तो बहुधा कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नराला ओढणाऱ्या सापळ्यात, मरून पडलेला. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ साली फुलपाखरे वेगळी काढली आणि उरलेल्या पतंगांची दोन मोठ्या गटांत बोळवण केली. गुलाबी अळीच्या पतंगाचे वर्णन सॉन्डर्सने १८४३ मध्ये केले, तेही गुजरातेतल्या भडोचच्या कापसावरून आलेल्या नमुन्यांवर. म्हणजे शास्त्राच्या वहीत ही अळी आपल्याच कापसातून शिरली. पुढे निलगिरीत चहाच्या मळ्यात राहून गेलेल्या जॉर्ज हॅम्पसनने १८९२ ते १८९६ या काळात भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. पंखांतल्या शिरा, मिशा, तोंडाजवळचे अवयव यांवरून त्याने केलेली मांडणी आजही चाळली जाते. अडचण एवढीच, की रात्री झाडाच्या सालीवर लपून बसणाऱ्या शंभर जातींचे पंख करडेच असतात. दिसणे सारखे म्हणून रक्त एक, असे म्हणता येत नाही.

हिरव्या अळीच्या बाबतीत तर नावानेच दिशाभूल केली. कृषी खात्याच्या पत्रकांत तिला ‘अमेरिकन बोंडअळी’ म्हणतात. हरभऱ्यावर आली की तीच ‘घाटेअळी’. अमेरिकेत मक्याची कणसे खाणारी अळी आणि आपली घाटेअळी यांना पुष्कळ वर्षे एकच जात समजत. १९६५ मध्ये हार्डविकने मुख्यतः जननेंद्रियांच्या बारीक रचनेवरून त्या दोन जाती वेगळ्या काढल्या आणि दोघींना ‘हेलिकोव्हर्पा’ या नव्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातले. आपली आर्मिजेरा, त्यांची झिया. ‘अमेरिकन’ हे नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

थोरली कोण आणि धाकटी कोण, हे पंख पाहून ठरत नव्हते. त्यासाठी डीएनए वाचता यावा लागला. डीएनएची अक्षरे वाचण्याची सँगरची पद्धत १९७७ ची. नेमका हवा तो तुकडा लाखो पटींनी वाढवणारी पीसीआरची युक्ती मुलिसला १९८३ मध्ये सुचली. त्यानंतर पतंगाचा एक पाय खुडला तरी काम भागू लागले. पहिली पसंती मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक घटकांतल्या, डीएनएला मिळाली. एका पेशीत त्याच्या भरपूर प्रती असतात, तो फक्त आईकडून येतो आणि लवकर बदलतो. २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्टने त्यातल्याच एका जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा जात ओळखण्यासाठी सुचवला, आणि पद्धत चालते हे दाखवायला त्याने पतंगच घेतले. दोन जातींत किती अक्षरे वेगळी आणि कोणते बदल कोणात सामाईक, याचा हिशेब मांडत वंशवृक्षाच्या फांद्या जोडायच्या.

इथे गोष्ट नागपूरला येते. केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथे १९७६ पासून आहे. हेलिकोव्हर्पाच्या मायटोकाँड्रियाचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या संस्थेचे केशव क्रांती ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांबरोबर सहलेखक होते. भारत, पाकिस्तान, चीन, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या आर्मिजेरा पतंगांत फारशी फारकत दिसली नाही. हा पतंग लांबवर उडणारा, त्याला सरहद्द कसली? झियामध्ये मात्र विविधता कमी निघाली. जुन्या जगातून मूठभर पतंग सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी अमेरिका खंडात पोचले आणि त्यांचीच पिल्लावळ म्हणजे झिया, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे आपण जिला ‘अमेरिकन’ म्हणत आलो ती थोरल्या पातीची, आणि खरी अमेरिकन ही तिची परदेशी गेलेली धाकटी पाती. २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये आर्मिजेरा सापडली आणि इतक्या काळाने दोन्ही पात्या पुन्हा समोरासमोर आल्या. पुढे जनुकसंच तपासला तेव्हा त्यांचा संकर झाल्याचे दिसले. कीटकनाशक पचवणारे आर्मिजेराचे एक जनुकही झियाकडे गेले होते. भाऊबंदकीत वाटणीला असेही काही येते.

उरलेल्या दोघींचे आटोपते घेतो. ठिपक्याची अळी जुन्या पुस्तकांत हिरवीच्याच कुळात, नॉक्टुइडीत, असायची. २०११ च्या सुमारास या मोठ्या गटाची जनुकांवरून फेरमांडणी झाली, त्यात तिचे नोलिडी हे कूळ स्वतंत्र म्हणून पक्के झाले. ती निदान चुलत म्हणावी अशी. गुलाबी तर थेट जेलेकिडी कुळातली. बटाटा पोखरणारी अळी, टोमॅटोवरची टुटा आणि साठवलेल्या धान्यातला पतंग हे तिचे खरे सोयरे. तिची आणि हिरवीची वाट डायनासोर जमिनीवर फिरत होते तेव्हाच वेगळी झाली. २०१९ मध्ये १८६ जातींची दोन हजारांहून अधिक जनुके घेऊन केलेल्या मोठ्या वंशवृक्षात पतंगांचा उगम सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा येतो. आणि आपली लाडकी फुलपाखरे? पतंगांच्याच झाडाची, दिवसा उडायला लागलेली एक फांदी.

गोत्र वेगळे असण्याचा फटका विदर्भाने सोसला आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारे विष बनवणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन विषजनुकांचे बियाणे आले आणि हिरवी बऱ्यापैकी आटोक्यात राहिली. हिरवीला तूर चालते, हरभरा चालतो; तिथे वाढलेले पतंग बीटीच्या विषाला न सरावलेले असतात आणि कापसावरच्या पतंगांशी जुगतात, म्हणून विष पचवण्याची ताकद लवकर पसरत नाही. गुलाबीचे पोट जवळजवळ सगळे कापसावर. त्यात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेला कापूस, ठेवली की तिला वर्षभर घर. तिच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला बीटीचे विष चिकटते. भारतातल्या गुलाबी अळ्यांत त्याच्या जनुकातले बिघाड एका नव्हे, अनेक तऱ्हांचे सापडले; बिघाड झाला की विष चिकटत नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडे फुटली ती किडकीच.

पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, कर्नाटकातल्या मक्यावर एक अनोळखी अळी दिसली. हेबर्टच्याच तुकड्यावरून तिची ओळख पटली: अमेरिकेतून आलेली लष्करी अळी. तिच्यात मक्याची आणि भाताची असे दोन वाण मानतात. भारतातल्या बऱ्याच नमुन्यांत आईकडून आलेला मायटोकाँड्रियाचा तुकडा भाताच्या वाणाचा निघाला, तर लिंग-गुणसूत्रावरचे दुसरे जनुक मक्याच्या वाणाचे. शेतात ती मुख्यतः मकाच खाते आहे.